काठाची खरखर

खोलीची किल्ली द्यायच्या आधी त्यांनी माझ्या हातात एक रिकामा कप दिला आणि म्हणाले, "ओठाले लावून पाह्य."

मी भाड्याची खोली पाहायला आले होते. राज्य नवीन झालं होतं, भोपाळच्या आम्हा कारकुनांची वाटणी झाली होती आणि मी रायपूरच्या वाट्याला आले होते. ते मला मुळीच मान्य नव्हतं. मंत्रालय एका जुन्या हॉस्पिटलच्या इमारतीत भरत होतं. मी टेबल मांडून बसत असे तो कधीकाळचा वॉर्ड होता. भिंतींना कमरेपर्यंत पांढऱ्या टाइल्स आणि फायलींना फिनेलचा वास. धर्मशाळेत राहून जीव कंटाळला होता. समता कॉलनीत वरच्या मजल्यावर एक खोली आहे, मालक महाराष्ट्रीयन आहेत, असं ऑफिसात कोणीतरी सांगितलं म्हणून भर उन्हात पायी आले होते. आणि हा उंच, वाळका म्हातारा मला कपाला ओठ लावायला सांगत होता!

"धुतलेला आहे बाई. उकळत्या पाण्यानं. काठ ओठावरून फिरव आन् काय वाटते ते सांग."

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. त्या दिवशी तर तो कपाळावर चढला होता. मी काठ ओठावरून फिरवला आणि कप त्यांच्या हातात आदळल्यासारखा परत दिला.

"खरखरीत आहे. सोलून निघेल कोणाचा तरी ओठ."

मला वाटलं, आता दार लावून घेतील. ते एवढे खूश झाले की माझाच गोंधळ झाला. "कोणती खरखर? साखरेची का वाळूची?"

"म्हणजे?"

"सगळीकडं बारीक दाणा लागते का एखादाच खडा टोचते?"

मी पुन्हा कप ओठाला लावला. आता लावल्यावाचून सुटका नव्हती. "सगळीकडं. बारीक."

"साखर!" ते म्हणाले. "आच कमी पडली. बरोबर सांगितलं तू. खोली तुह्यी. तुह्या आधी जे आले ते सगळे 'बहुत बढ़िया है अंकल' म्हणून गेले. लबाड माणसाले मी वर ठेवत नसतो."

अशा रीतीनं मला घर मिळालं. माझ्या फटकळ तोंडाचा मला आयुष्यात झालेला हा एकमेव फायदा.

ते पोलाद कारखान्यातून निवृत्त झाले होते. तिथल्या भट्ट्यांना आतून लावायच्या विटा कोणत्या, कुठं तडकल्या, का तडकल्या, हे पाहण्यात त्यांची नोकरी गेली होती. तरुणपणी एकदा भट्टीच्या झरोक्यातून ज्वाळ आली आणि त्यांचा खालचा ओठ भाजला. तो बरा झाला, पण जाड आणि बधिर राहिला. भाताचं शीत ओठाला चिकटलं तरी त्यांना कळत नसे. त्यांची बायको, म्हणजे काकू, हातानं खूण करत, मग ते पुसत. म्हणून कपाच्या परीक्षेला त्यांना दुसऱ्यांचे ओठ लागत. दूधवाला, मीटर पाहायला येणारा, वर्गणी मागायला आलेली गणपती मंडळाची पोरं, कोणी सुटलं नाही. बोटानं पाहू म्हटलं की चिडत. "बोट लबाड असते. भांडी घासून, लेखणी धरून त्याची कातडी मरून गेली. ओठाले खोटं नाही बोलता येत."

हे सगळं काकूंसाठी होतं, हे मला पहिल्याच संध्याकाळी समजलं. काकू खालच्या खोलीत दिवाणावर बसलेल्या असत, गालावरून पदर घेऊन. तोंडाचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन झालं, मग रेडिएशनचे शेक झाले, आणि आता तोंड बोटभरच उघडत असे. आतली कातडी सोललेली. बाजारचा कप लावला की अर्धा चहा हनुवटीवरून जाई. स्टीलचा पेला भाजे. दवाखान्यानं चोचीचा प्लास्टिकचा कप दिला होता, तो काकूंनी अंगणात भिरकावला. "बोंडल्यानं पाजता काय मले? मी तान्ही आहे का?"

तेव्हा काकांनी ठरवलं की कप आपण करायचा. दिसायला कपासारखा कप. फक्त एका बाजूला काठ जरासा ओढून पुढं आणलेला, काकूंच्या तोंडात मावेल एवढा. कोणी पाहिलं तर बोंडलं वाटू नये. काकूंनी आल्यागेल्यासमोर, आपल्या हातानं, ओठ न दुखता चहा प्यावा, एवढं एकच त्यांना हवं होतं. विटांमधल्या माणसानं उतारवयात चाक आणलं, माती आणली आणि गच्चीवर पत्र्याखाली विजेची भट्टी स्वतः बांधली. आकार लवकर साधला. हटून बसली ती झिलई, म्हणजे कपावरचा काचेसारखा थर. नेमका त्या ओढलेल्या काठावर तो पातळ होई आणि खरखरीत राही.

माझी खोली गच्चीला लागून होती. त्यामुळं सकाळी दात घासायला बाहेर आले की काका भट्टीतून निघालेला कप उन्हात धरून त्याची चौकशी करताना दिसत. "काय झालं बावा तुले? कशानं रुसला?" खरखरीची त्यांनी नावं ठेवली होती. आच कमी पडली की साखरेची. वरून काही पडलं की वाळूची. झिलई दाट होऊन फोड आले तर गोवराची. हीच नावं ते माणसांनाही लावत. माझ्या साहेबांबद्दल मी चरफडत घरी आले की ऐकून घेत आणि म्हणत, "वाळूची खरखर आहे त्याची. वरून पडलेली. माणूस आतून खराब नाही." मी विचारलं, माझी कोणती? "साखरेची. तुले कोणी नीट शेकलं नाही पोरी." यावर रागवावं की रडावं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

साखरेच्या खरखरीचं मूळ त्यांनी शोधलं ते मे महिन्यात. दुपार झाली की अख्ख्या कॉलनीचे कूलर सुरू होत, वीज मंद होई आणि भट्टी जिथं पोचायला हवी तिथं पोचत नसे. दुसरा कोणी असता तर पावसाळ्याची वाट पाहिली असती. काका पायजमा आणि बंडी घालून दारोदार गेले. हात जोडून म्हणू लागले, भट्टी उतरेपर्यंत कूलर बंद ठेवा.

समोरच्या घरातली भाभी म्हणाली, "अंकल, मई का महीना है। बच्चे भुन जाएंगे।"

"बच्चे भुनते नहीं बेटा, पसीजते हैं," काका शांतपणे म्हणाले. "भुनने को बहुत आंच लगती है। मेरेको मालूम है।"

लोक हसले, काहींनी कपाळाला हात लावला. पण काकूंना सगळे ओळखत होते. त्या दुपारी गल्लीतल्या बऱ्याच घरांनी कूलर बंद ठेवले. अंगण शिंपून, ओले पंचे डोक्यावर घेऊन माणसं ओसरीवर बसून राहिली आणि गच्चीवर एक म्हातारा भट्टीच्या छिद्रातून आतला रंग पाहत उभा होता. मी खोलीत घामानं निथळत मनात त्याला शिव्या देत होते. पुढच्या भट्टीला ते पुन्हा फिरले तेव्हा काही दारं आतून लागली. तिसऱ्यांदा बहुतेक सगळीच. माझा कूलर मात्र भट्टीच्याच तारेवर होता. तो बंद करायचा की नाही हे मला कोणी विचारलंच नाही.

मग वाळू. रायपूरच्या हवेत तेव्हा काळी भुकटी असे. शहराभोवती लोखंडाचे कारखाने उठले होते आणि त्यांची काजळी सकाळी गच्चीवर बसलेली सापडे. अनवाणी चाललं की तळपाय काळे. आम्ही सगळे झाडून मोकळे होत होतो, कोणाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. काकांनाही नाही. झिलईत बुडवलेले कप ते उघड्या गच्चीवर वाळवत आणि खडे कुठून येतात म्हणून झिलई काकूंच्या जुन्या नायलॉनच्या साडीतून पुन्हा पुन्हा गाळत. एक दिवस मी वाळत घातलेली माझी पांढरी साडी आपटत त्यांच्यापुढं नेली आणि म्हटलं, पाहा तुमचं शहर! त्यांनी साडीवरचे काळे ठिपके पाहिले, मग कपांकडे पाहिलं. मग घरातली एकुलती मच्छरदाणी काढली आणि कपांवर लावली. त्यानंतर कप मच्छरदाणीत झोपत आणि डास आम्हाला चावत.

काठावरच्या झिलईचा पातळपणाही शेवटी गेला. ओढलेला काठ धारदार राहिला की झिलई त्यावरून ओघळते, हे लक्षात आल्यावर ते ओल्या चिंधीनं तो काठ गोल करत बसत, बाळाचं नाक पुसावं तसा. दुसऱ्या उन्हाळ्याच्या सुमारास त्यांनी मला एक कप दिला. मी ओठावरून फिरवला. पुन्हा फिरवला. नावं ठेवायला काहीच नव्हतं, आणि मला नावं ठेवायची हौस किती ते त्यांना ठाऊक होतं.

"झाला काका. गुळगुळीत आहे. लोण्यासारखा."

ते कोमट चहा ओतून कप दोन्ही हातांत धरून जिना उतरले. मी मागं गेले. काकूंनी कप घेतला, डोळे मिटले, काठ ओठांत धरला. एक घोट गेला. दुसरा गेला.

"खरखरते," काकू म्हणाल्या.

"कुठं?"

"हे इथं. चोचीपाशी."

काकांनी कप घेतला आणि वर गेले.

मी तडक त्यांच्यामागं गेले. "अहो काका, हा कप गुळगुळीत आहे. मी कधी खोटं बोलले का?"

"तुह्या ओठाले काय समजते? ऑफिसात भांडून भांडून निब्बर झाला. ती म्हणते खरखरते तं खरखरते."

त्यानंतर निघालेला प्रत्येक कप गुळगुळीत होता आणि प्रत्येक कप खरखरीत ठरला. सुट्टीच्या दिवशी भट्टी, आठवड्यात माती, झिलई, चिंधी. माझ्या डोक्यात तिडीक जाऊ लागली. मला वाटे, आजारी माणसं हट्टी होतात हे खरं, पण म्हाताऱ्याचे असे हाल करू नयेत. एका रविवारी काका वर भट्टीपाशी असताना मी काकूंसमोर जाऊन उभी राहिले.

"काकू, खरं सांगा. कपाला काय झालंय?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्या बोलत ते जरा जड येई, पण समजे. "कपाले काही नाही झालं गं. कप गुळगुळीतच आहे. माह्यं तोंड सोललं आहे. लोणी लावलं तरी खरखरते."

"मग सांगा ना त्यांना!"

"सांगितलं तं खाली येऊन बसतील."

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. लग्न होऊन त्या इकडं आल्या तेव्हा शेजारच्या छत्तीसगढी बाया सकाळी ओट्यावर बसून हिरड्यांना गुडाखू घासत. तंबाखूचा तो काळा लगदा, छोट्या डबीत मिळतो. नव्या नवरीला कोणी ओळखीचं नव्हतं. त्यांच्यात बसायचं तर बोट डबीत घालायला हवं. हळूहळू त्याशिवाय सकाळ होईना. काका हसत आणि बाजाराच्या दिवशी भाजीच्या पिशवीतून एक डबी आणत.

"नवरा आपल्या हातानं डबी आणते म्हणून बाया माह्यावर जळत," काकू म्हणाल्या. "आता दवाखान्यातून आलो तं हे खुर्ची घेऊन माह्यासमोर बसले. माह्या तोंडाकडं पाहत अन् म्हणत, डबी मीच आणत होतो. दिवसभर तेच. जेवण नाही, आंघोळ नाही. मी म्हटलं, मी मागत होती म्हणून आणत होते नं तुम्ही. ऐकतच नव्हते. मातीत हात घातला तेव्हा माणसात आले. गुळगुळीत म्हटलं तं ते पुन्हा खुर्ची घेतील."

वरून भट्टीची घरघर ऐकू येत होती. काकूंनी पदरानं हनुवटी पुसली.

"तुह्या तोंडाले ताबा नाही, मले माहीत आहे. पण हे नाही बोलायचं. काहून माहीत? मी मेली तरी ते मरू नाही म्हणून."

मी बोलले नाही. पोटात गोष्ट ठेवणं मला कधी जमलं नव्हतं; ही ठेवली. रोज सकाळी काका कप पुढं करत आणि मी रोज "गुळगुळीत" म्हणे, कारण तेच खरं होतं, आणि ते माझ्या ओठांना नावं ठेवून खाली जात. असं आमचं तिघांचं छान चाललं होतं. दुःखाच्या घरातही दिवसाला एक वळण लागतं.

थंडीत काकूंचं पिणं बंद झालं. नाकातून नळी घातली. बोलणंही गेलं. तरी काका नवा कप घेऊन येत आणि रिकामाच, हलकेच त्यांच्या ओठाला टेकवत. काकू अंथरुणावरून हात उचलत आणि अंगठ्यावर बोट घासून खूण करत: खरखरते. काका मान हलवून वर जात. हात उचलणं जमेना तेव्हा चादरीवरच बोट हलत असे. शेवटच्या दिवसांतही ते हललं. मी दाराशी उभी होते आणि मला हुंदका आवरेना, म्हणून स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला.

त्या गेल्या. नातेवाईक आले, दिवस झाले, नातेवाईक गेले. आणि काकूंनी सांगितलं होतं तसंच झालं. काकांनी खुर्ची घेतली आणि रिकाम्या दिवाणासमोर बसले. मी ऑफिसला जाताना बसलेले, येताना बसलेले. मी चहा करून दिला तर स्टीलच्या पेल्यातून पीत, अर्धा ठेवत. दाढी वाढली. भाताचं शीत ओठाला चिकटलेलं दिसे आणि खूण करायला कोणी नव्हतं. एकदा मी केली. त्यांनी पाहिलं, पण पुसलं नाही. गच्चीवर मच्छरदाणी काजळीनं काळी पडली होती. भट्टीच्या झाकणावर पारव्यांनी काड्या आणून टाकल्या होत्या.

एकदा, जेवा म्हणून मी फार मागं लागले तेव्हा ते दिवाणाकडे पाहत म्हणाले, "डबी मीच आणत होतो." मला फार भीती वाटली.

मे आला. एका सुट्टीच्या दुपारी त्यांनी मला खालून हाक मारली. मला आनंदच झाला, कारण हाक मारायचं त्यांनी सोडूनच दिलं होतं. गेले तर खुर्चीतच होते. मांडीवर एक कप होता.

"शेवटच्या भट्टीतला," ते म्हणाले. "तिले दाखवायचा राहून गेला. आज सापडला. उकळत्या पाण्यातून काढला आहे. लावून पाह्य."

मी कप घेतला.

"भंगारवाला संध्याकाळी येऊन राहिला. भट्टी पाहाले. हा चांगला निघाला असंन तं देऊन टाकतो, काम झालं म्हणायचं," ते म्हणाले. "खरं सांग. तू खोटं बोलत नाही म्हणून तुले खोली देली."

मी काठ ओठावरून फिरवला. तो चोचीचा काठ, जिथं त्यांची एवढी वर्षं गेली. ओठाला काही लागलंच नाही. असा कप त्यांच्याकडूनही आधी कधी झाला नव्हता. मी तो तसाच ओठाशी धरून ठेवला, कारण खाली घेतला की बोलावं लागणार होतं. समोर दिवाण होता, पांढरी चादर घातलेला, आणि त्यांच्या खुर्चीच्या पायांनी फरशीवर खुणा पाडल्या होत्या.

"खरखरते काका," मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली.

"कुठं?"

"हे इथं. चोचीपाशी."

"कोणती? साखरेची का वाळूची?"

"साखरेची."

त्यांनी माझ्या ओठांकडं पाहिलं. मग त्यांनी माझ्या हातातून कप घेतला आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

"मले वाटलंच होतं," ते म्हणाले. "आच कमी पडली." जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबून, मागं न पाहता म्हणाले, "तुह्या कूलर बंद ठेवजो आज."

"हव," मी म्हटलं, आणि वर जाऊन कूलर बंद केला.